अक्षतानं सोडलेला गोल

हिवरखडीच्या पोरींनी सांगलीच्या मैदानावर विभागीय हॉकी स्पर्धा जिंकली, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडली ती रंगुबाई, आणि सगळ्यात आधी गप्प झाली तीही रंगुबाईच.

रंगुबाई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. नवरा वारल्यावर ती भावाच्या घरी येऊन राहिली. भाऊ मेंढरं घेऊन हिंडायचा, हिनं शाळेची चूल धरली. शाळेच्या मागं मुरमाचं मैदान होतं. तिथं खेळाच्या सरांनी पोरींच्या हातात वाकड्या काठ्या दिल्या, तेव्हा तिनं नाकच मुरडलं होतं. काठी घेऊन मेंढरामागं पळण्यात आमच्या पिढ्या गेल्या, आता ह्यांनी चेंडूमागं पळायचं! पण भांडी घासता घासता नजर मैदानाकडं जायची, आणि बघता बघता तिला त्या खेळाचा नादच लागला. भावाची लेक सृष्टी संघात आल्यावर तर विचारायलाच नको. सामना आटपाडीला असो, विट्याला असो की सांगलीला, पिकअपच्या हौद्यात पोरींच्या मधोमध पदर खोचून रंगुबाई बसलेली असायचीच.

जिल्ह्यात हिवरखडीला तोड नव्हती. पण विभागाच्या फायनलला दरवर्षी पाचगणीची एक निवासी शाळा आडवी यायची. त्या पोरी स्वतःच्या बसमधून ताज्यातवान्या उतरायच्या, हिवरखडीच्या पोरी पिकअपमध्ये हिंदकळून अंग आंबलेल्या. हरून परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोलायचं नाही. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे, दोन वर्षांमागं त्या शाळेनं हिवरखडीची गोलकीपरच उचलून नेली.

ती अक्षता. भीमनगरातल्या सुलाबाईची लेक. बाप आटपाडीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, आई घरी शिलाई मशीन चालवते. अक्षता आणि सृष्टी पहिलीपासून एका बाकावरच्या. शाळा सुटली की सृष्टीनं पेनल्टी मारायची आणि अक्षतानं अडवायची, चेंडू दिसेनासा होईपर्यंत. पाचगणीच्या शाळेनं निवड करून तिचं राहणं-शिकणं फुकट केलं, तेव्हा सुलाबाईनं घरोघर पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले, पण गोड तोंडानं नाही. स्टँडवर मोबाइलचं दुकान चालवणारा पप्पू तर उघडच बोलला, "शेवटी तिकडचीच ती. गेली तिकडं." ह्यातलं पहिलं तिकडचं म्हणजे कुठलं आणि दुसरं कुठलं, हे सुलाबाईला बरोबर कळलं होतं.

ह्या वर्षी सांगलीत फायनलला पुन्हा तेच दोन संघ आले. सामन्याआधी रंगुबाई बाटल्या भरायला नळावर गेली, तर टाकीच्या आडोशाला सृष्टी आणि अक्षता दोघीच उभ्या. अक्षताच्या पायांना ते जाडजूड पॅड, आणि सृष्टीचा हात तिनं हातात धरलेला. काहीतरी घाईघाईनं बोलणं चाललं होतं. रंगुबाई दिसताच दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय गं?"

"काय न्हाई आत्या," दोघीही एकदमच म्हणाल्या, आणि आपापल्या बाजूला पळाल्या.

तेव्हा रंगुबाईला त्यात वावगं वाटलं नाही. मैत्रिणी त्या, लय दिवसांनी भेटल्या असतील.

सामना शेवटच्या क्वार्टरपर्यंत एक-एक असा अडून राहिला. मग पाचगणीच्या एका पोरीनं गोलाच्या तोंडावर चेंडू पायानं अडवला, पंचांनी शिट्टी फुंकली आणि हिवरखडीला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. सरांनी सृष्टीकडं बोट केलं. समोर गोलात एकटी अक्षता.

रंगुबाईनं देवाचं नाव घेतलं, पण तिचं अवसान गळालं होतं. सृष्टीची पेनल्टी कुठं जाते हे हिवरखडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या उजव्या हाताला, जमिनीलगत. आणि अक्षतानं ती आजवर किती वेळा अडवली असेल, त्याची गणती नव्हती.

शिट्टी झाली. सृष्टीनं चेंडू ढकलला, तिच्या नेहमीच्याच बाजूला, उजवीकडं, जमिनीलगत. आणि अक्षतानं अंग झोकलं ते भलतीकडंच! मागच्या फळीवर चेंडू खाडकन वाजला.

मैदानावर एकच कल्ला उठला. रंगुबाई चपला सोडून आत धावली. कुणी तिला मिठी मारली, कुणी तिच्या डोक्यावर भंडारा उधळला. आणि त्या गर्दीतून तिला अक्षता दिसली. हेल्मेट काढून ती शांतपणे चालत आली. तिच्या संघातल्या बाकीच्या पोरी गवतावर बसून रडत होत्या. ही रडली नाही. सृष्टीसमोर येऊन तिनं तिच्या खांद्यावर थाप मारली आणि हसली. चांगली हसली.

रंगुबाईच्या तोंडातलं 'चांगभलं' तोंडातच राहिलं.

परत निघताना गावाकडून आणलेला भंडारा संपला, तर पप्पूनं सांगलीच्या बाजारात गाडी थांबवायला लावून हळद घेतली. पोरी पिवळ्याधमक झाल्या. तासगाव मागं पडेतोवर गाणी चालली होती. मग पप्पूनं मोबाइल काढला. त्यानं पेनल्टीचा व्हिडिओ काढला होता, तो सावकाश चालवून दाखवू लागला.

"बघा, बघा. सृष्टीनं अजून काठी हलवली न्हाई, तवर हिचं अंग डावीकडं झुकलंय. हिला काय ठाऊक नव्हतं व्हय सृष्टी कुठं मारती ती?"

"आरं, खरंच की!" पुढं बसलेले सरपंच भाऊसो मागच्या खिडकीतून डोकावले.

"आपल्या पोरीनं आपल्या गावाचा मान राखला, भाऊसो. पाचगणीचं खाल्लं, पण गावाला जागली. रक्ताला वळण असतंय."

हौद्यात पुन्हा आरडाओरडा झाला. आणि रंगुबाईला नवल वाटलं ते ह्याचं, की लोकांना वाईट वाटायच्या ऐवजी दुप्पट आनंद झाला. नुसतं जिंकण्यापेक्षा असं आतून जिंकणं त्यांना जास्त गोड लागत होतं. सृष्टी एका कोपऱ्यात पदक मुठीत धरून बसली होती. तू कशी मारलीस, भ्याली होतीस का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिच्या गोलाची गोष्ट आता तिची उरलीच नव्हती.

रंगुबाईला मात्र ती टाकी आठवली. हातात धरलेला हात, आणि तिला बघून गप्प झालेल्या दोन पोरी. एकटी अक्षताच की दोघीही? ठरवून केलं की काय? तिनं सृष्टीकडं पाहिलं, सृष्टीनं मान वळवली. जिंकलेली पोरगी अशी मान वळवते का कधी?

दुसऱ्या दिवशी शाळेत डाळ-तांदूळ निवडताना तिचं लक्ष लागेना. घरी आल्यावर तिनं सृष्टीला गाठलंच.

"सामन्याच्या आधी काय बोलत हुतीस गं तिच्यासंगं?"

सृष्टी दप्तर भरत होती. तिचा हात थांबला. "तुला बी तसंच वाटतंय, आत्या?"

"मला कसं वाटतंय ते मी बघीन. तू सांग की."

"मला काय सांगायचं न्हाई," सृष्टी म्हणाली, आणि दप्तर तिथंच टाकून बाहेर गेली.

तसं काही नसतं तर सरळ नाही म्हणाली असती, रंगुबाईच्या मनानं घेतलं. सांगायचं नाही म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. संशय हा असा, की उत्तर मिळालं तरी वाढतो आणि नाही मिळालं तरी वाढतो.

इकडं पप्पूनं तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'जन्मल्या मातीला जागली, हिवरखडीची वाघीण.' तो आटपाडीच्या ग्रुपवर गेला, तिथून विट्याला गेला. कुणी टाळ्या पाठवल्या, कुणी विचारलं, मग हा कप खरा की खोटा? त्यावर गावातली पोरं हमरीतुमरीवर आली. बघता बघता अशी गत झाली की स्टँडवर चहा पिताना जो तो जिंकल्याबद्दल बोलायचा, आणि बोलता बोलता डोळा मिचकावायचा. म्हाताऱ्या केरूला तेवढं हे रुचलं नाही. तो मेंढ्या मागं घालून शाळेवरून जाताना म्हणाला, "रंगे, आपण जितलो का आपल्याला जितीवलं? मला धड हसाय बी यीना आन रडाय बी यीना."

मग स्टँडवर फ्लेक्स लागला. वर कप, मधे संघातल्या पोरी, कोपऱ्यात भाऊसोंचा हात जोडलेला फोटो. आणि सगळ्यांच्या वर, वर्तुळात, हरलेल्या संघाच्या गोलकीपरचा, अक्षताचा फोटो. रविवारी जाहीर सत्कार होता. अक्षताच्या आईला साडी-चोळी द्यायचं ठरलं होतं.

फ्लेक्स लागला त्याच दुपारी सुलाबाई शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उन्हातून आल्यानं तिचा चेहरा तापला होता, पण आत ये म्हटलं तरी ती आत आली नाही.

"रंगूआक्का, तो फोटो काढाय सांग."

"मी कोण सांगणार, बाई? सरपंचानं लावलाय."

"तू सृष्टीची आत्या हायस. तुझं ऐकत्याल." सुलाबाईनं उंबऱ्यावर हात टेकला. "पेढं वाटलं तवा माझी लेक तिकडची हुती. आता एका दिसात आपली झाली. ती कशानं? चोरी केली म्हणून? चोर म्हणून आपली म्हणत्यात, आन मी साडी घिऊन हसत उभी ऱ्हाऊ व्हय?"

रंगुबाई उलथनं हातात धरून तशीच राहिली. गावातला एवढा आनंद तिला पहिल्या दिवसापासून का खुपत होता, ते आत्ता तिला कळलं.

"पोरगी काय म्हणती?"

"फोनवर धड बोलतच न्हाई. काल तिच्या खेळाच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, अक्षता गोलात उभी राहत न्हाई, तिच्या जागी दुसरी मुलगी घेतलीया. आता तूच सांग, उभी राहत न्हाई का ह्यांनी काढली? व्हिडिओ तिकडं बी गेला आसंल की. मोठी शाळा हाय, आमी काढली आसं तोंडानं थोडंच सांगत्याल?"

"तुला काय वाटतं, सुला? तिनं सोडला का?"

सुलाबाईनं उंबऱ्यावरचा हात काढून घेतला. "माझ्या पोटची हाय म्हणून न्हाई म्हनायचं, तर म्हनती. पर मी काय तिच्या मनात बसलीया?" एवढं बोलून तिनं पदरानं डोळे टिपले. "रविवारी भेटीचा दिस आसतो. मी जानार हाय."

"मी बी येती," रंगुबाई म्हणाली. हे आपण कसं बोलून गेलो, तिचं तिलाच कळेना.

घरी तिनं सृष्टीला सांगितलं, तर सृष्टी म्हणाली, "रविवारी सत्कार हाय."

"तुझा न्हाईच त्यो सत्कार. फ्लेक्स बघितलास न्हवं? तू हायस का त्यात कुठं वर?"

रविवारी तांबडं फुटायला तोंड धुऊन, गणवेशाचा स्वेटर घालून ती सगळ्यांच्या आधी स्टँडवर उभी होती. भाऊसोंना कळलं तेव्हा एसटी म्हसवडच्या पुढं गेली होती. त्यांचा फोन आला, "आवं रंगुबाई, सत्कारमूर्तीच पळवली तुमी! मंत्र्यांचा माणूस येणार हाय." रंगुबाईनं "आवाज येईना" म्हणून फोन ठेवला.

दहिवडी, सातारा, वाई. वाटेत सुलाबाई खिडकीशी, रंगुबाई मधे, सृष्टी कडेला. तिघींचं बोलणं झालं ते भाकरी सोडली तेव्हा, तेवढंच. पसरणीचा घाट चढताना सृष्टीला मळमळलं, तर सुलाबाईनं आपल्या पिशवीतली लिंबाची फोड तिला हुंगायला दिली. रंगुबाई दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. ह्या पोरीनं जर त्या पोरीला भरीला घातलं असेल, तर ह्या बाईला मी तोंड कसं दाखवू? कप परत द्यावा लागला तरी चालेल, पण खरं काय ते एकदा कळू दे, असं तिला वाटत होतं. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, कळू नये तेच बरं.

शाळेच्या फाटकावर नावं सांगितल्यावर खेळाच्या राजेश्वरी मॅडम स्वतः बाहेर आल्या. सुलाबाई त्यांच्यापुढं ताठ उभी राहिली. "माझ्या पोरीला संघातनं का काढली, मॅडम? खरं सांगा. आमी गरीब आसू, पर ऐकायची ताकद हाय."

"काढली नाही हो," मॅडम म्हणाल्या. "बसा ना जरा. आमच्याकडं आमचा व्हिडिओ आहे, आम्ही तो बघितला. पेनल्टीला गोलकीपर कुठल्यातरी एका बाजूला उडी टाकणारच. चुकली तर चुकली. आमच्यापैकी कुणी तिला एक शब्द बोललेलं नाही. तो तुमच्या गावचा व्हिडिओ तिनं पाहिला, आणि त्या दिवसापासून ती गोलात जातच नाही. पॅड बांधते, मैदानापर्यंत येते, आणि सोडून ठेवते."

रंगुबाईनं मॅडमच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. बाई खोटं बोलतेय असं वाटावं असं तिथं काही नव्हतं. आणि शाळेवर संशय धरायची सोय गेल्यावर उरली ती फक्त पोरगी.

अक्षता मैदानाच्या कडेला सिल्व्हर ओकच्या झाडाखाली बसली होती. आईला बघून उठली, पाया पडली, रंगुबाईच्याही पडली. सृष्टीला बघून मात्र नुसतीच उभी राहिली. दोघींच्या मधून गार वारा वाहत होता.

सुलाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस गं." मग बाकी कुणी विचारायच्या आत तिनंच विचारलं, "बाळा, तू गोल सोडलास?"

अक्षतानं आईकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण रडू तिनं दाबलं.

"मला म्हाईत न्हाई, आई."

"म्हाईत न्हाई म्हंजे?"

"म्हंजे तवा सोडला न्हवता. मी अडवायलाच उडी टाकली हुती. पण मग सगळी म्हणाय लागली, आपल्या गावासाठी सोडला, आपल्या गावासाठी सोडला. मी तो व्हिडिओ परत परत बघितला. बघून बघून मलाच वाटाय लागलं, की सोडला असंल. सृष्टीची बाजू मला झोपंत बी म्हाईत हाय. मग मी दुसरीकडं गेले कशी? माझ्या मनात कुठंतरी आसंल, की तिनं जिंकावं. हे मला कळलं बी नसंल. मग आता मी गोलात कशी उभी राहू? परत आपली टीम समोर आली आन परत माझं अंग तिकडं गेलं तर?"

गावानं व्हिडिओ पुढं पाठवता पाठवता संशय कुठवर नेऊन पोचवला होता! पोरीचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता.

ती सृष्टीकडं वळली. आता तिच्या आवाजात धार नव्हती. "सृष्टे, आता तरी सांग. टाकीपाशी काय बोलला तुमी?"

सृष्टीनं बुटाच्या टोकानं लाल माती उकरली. "तिनं माझा हात धरला आन म्हणाली, आज पेनल्टी मिळाली तर तू मारू नगंस, तुझी बाजू मला ठावं हाय. मी म्हणाले, मग आज मी बाजू बदलीन. ती म्हणाली, बघू. आन आमी ठरवलं, की जी हारंल तिनं लोकांसमोर रडायचं न्हाई. एवढंच."

म्हणून ती हसली होती! रंगुबाईनं कपाळावर हात मारला. "आगं मग हे मला त्या दिवशीच सांगायला तुझं काय जात हुतं?"

"जात हुतं." सृष्टी आता आत्याशी नाही, अक्षताशी बोलत होती. "कारण मी खरंच बदलणार हुते. डावीकडं, वर. आठवडाभर तसंच मारलं हुतं मी, सरांना बी न सांगता. आन तिथं गेले तर पाय लटलटाय लागले. शिट्टी झाली आन मला काय बी आठवंना. हात आपसूक गेला, जुन्याच बाजूला. मी तुला फसवलं न्हाई अक्षी. मी भ्याले. तो गोल मी मारलेलाच न्हाई, भीतीनं गेलाय त्यो. सगळी म्हणत हुती तू सोडलास, तर मी गप बसले. तू सोडलास म्हटलं की निदान माझं भ्यालेलं तरी कुणाला दिसत न्हवतं."

अक्षता एक पाऊल पुढं आली.

"तू डावीकडं वर मारणार हुतीस?"

"व्हय."

"आईच्यान?"

"आईच्यान."

"म्हणजे मी बरोबर ओळखलं हुतं!" अक्षता ओरडलीच. "मी म्हटलंच हुतं, ही बाजू बदलणार, आन बदलली तर वरच मारणार, कारण खालनं डावीकडं तिला जमतच न्हाई! मी बरोबर गेले हुते, आई! चुकली ही, मी न्हाई!"

आणि मग दोघींनी सांगलीत न रडण्याचं जे ठरवलं होतं, ते सगळं त्या झाडाखाली फिटलं. एकीचं रडं थांबतंय तोवर दुसरीचं सुरू होत होतं. मैदानावरच्या बाकीच्या पोरी खेळ थांबवून बघू लागल्या. सुलाबाई खालीच बसली, आणि तिच्या शेजारी रंगुबाईही.

"मिटलं म्हणायचं," रंगुबाई पुटपुटली.

"आपलं मिटलं," सुलाबाई म्हणाली. "गावाचं कुठं मिटतंय!"

ते खरंच होतं. सृष्टीनं गावी परतल्यावर सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहून सांगितलं, स्टँडवर पप्पूच्या दुकानात जाऊन सांगितलं. भाऊसोंनी फ्लेक्स उतरवला, तो मनातून पटलं म्हणून नव्हे, सत्कार फिसकटला म्हणून. लोकांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि तिची पाठ वळल्यावर म्हणाले, मैत्रिणीला वाचवतीय. काहीजण तर नाराजच झाले. गावासाठी जीव टाकणारी वाघीण त्यांच्या हातातून गेली होती, आणि तिच्या जागी एक भ्यालेली पोरगी आणि एक फसलेली पोरगी आली होती. एवढ्यावर कप जिंकल्याचा आनंद करायचा तरी कसा! म्हातारा केरू तेवढा खूश झाला. "म्हंजे आपण आपल्याच चुकीनं जितलो. ह्यात कुणाचं उपकार न्हाईत. हे बरं झालं," म्हणाला.

पुढच्या वर्षी फायनल साताऱ्यात झाली. गोलात अक्षता होती. ह्या खेपेला पिकअपमध्ये सुलाबाईही आली होती, आणि रंगुबाईनं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. सामना चालू झाला आणि दोघींची पंचाईत झाली. सृष्टी चेंडू घेऊन पुढं घुसली की रंगुबाई उठून उभी राहायची, आणि अक्षतानं पॅडनं चेंडू उडवला की तिच्या तोंडून आपसूक "शाबास गं!" निघायचं. मागून गावची माणसं तिला शिव्या घालत होती. आजूबाजूच्यांना कळेना, की ही बाई नेमकी कुणाकडची.

हिवरखडी एका गोलनं हरली. शेवटी शेवटी सृष्टीनं मारलेला एक फटका गोलात जाणार असं वाटत असतानाच अक्षतानं आडवं पडून तो हातमोज्यानं बाहेर काढला. असा अडवला, की पंचसुद्धा क्षणभर बघत राहिला. सृष्टी मैदानातच गुडघ्यावर बसली. रंगुबाईला रडू आलं. ते भाचीसाठी होतं की त्या दुसरीसाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

परतताना पिकअप पुसेगावच्या पुढं आली, तसा पप्पूनं मोबाइल काढला.

"बघा, बघा. गावच्या पोरींवर कशी तुटून पडलीया. मागच्या साली बोभाटा झाला न्हवं, म्हणून शाळेनं हिला दम भरला आसंल. न्हाईतर एवढी कशाला झटंल? गावचं खाऊन गावावर उलटली."

"दाखीव बघू," म्हणत कुणीतरी पुढं सरकलं. "व्हय की रं. ही बघ, आदीच आडवी पडलीया. हिला सृष्टीनंच सांगितलं नसंल कशावरनं?"

कोपऱ्यात बसलेल्या सृष्टीनं डोळे मिटून घेतले. सुलाबाईनं रंगुबाईकडं पाहिलं. रंगुबाई उठली, हलत्या गाडीत एका हातानं दांडी धरून पप्पूपाशी गेली आणि तिनं त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"आगं ये रंगुबाई! माझा फोन हाय त्यो!"

"आटपाडी आल्यावर देती." तिनं तो कमरेला खोचला आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली. "सुला, त्यो दुसऱ्या क्वार्टरला अक्षीनं पायानं चेंडू उडवला बघ, त्यो कसा उडवला गं? मला तर चेंडू दिसलाच न्हाई."

"मला बी कुठं दिसला," सुलाबाई म्हणाली. "सृष्टे, तू सांग."

सृष्टीनं डोळे उघडले. मग सरकून दोघींच्या मधे आली आणि हातानं दाखवत सांगू लागली.